छोट्या होडीला फिशफाइंडर: पाच इंची पुरे, मोठा हवा, की नकोच?

देवगडवाला:
मंडळी, मामाच्या पोराने अठरा फुटी फायबरची होडी घेतलीय, मागे ९.९ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन. जास्तीत जास्त पंधरा वाव (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट) पाण्यात जायचं, गरवायचं आणि थोडी जाळी टाकायची, एवढाच बेत. आता त्याला फिशफाइंडर, म्हणजे पाण्यात आवाज सोडून परत आलेल्या इकोवरून (प्रतिध्वनीवरून) खालचं दाखवणारं यंत्र, पायजे आणि दुकानदाराने त्याच्या डोक्यात नऊ इंची स्क्रीन, साइड स्कॅन (होडीच्या दोन्ही बाजूंचं दाखवणारा), काय काय भरवून ठेवलंय. अरे तुला काय आंग्रिया बँकेवर, त्या समुद्रात बुडालेल्या प्रवाळाच्या पठारावर, जायचंय का, ती विजयदुर्गपासून शंभर किलोमीटरवर आहे!
माझं मत सरळ आहे. पाच इंची कलर, दोन फ्रिक्वेन्सीचा, आत जीपीएस असलेला, आणि बटणवाला, कारण ओल्या खारट हाताने टचस्क्रीनशी मारामारी करायला तिकडे वेळ नसतो. बास. कारण हे यंत्र नाव काहीही असो, मुळात तळ दाखवतं. तळाची रेघ जाड आली आणि खाली अजून एक पुसट रेघ दिसली की खाली खडप (बुडालेला खडक), रेघ बारीक आणि मऊ असली की चिखल. तांबोशी, गोबरा खडपाच्या कडेला असतात हे आपल्याला आधीच माहितीय, मग कड सापडली आणि तिचा पॉइंट सेव्ह झाला की पैसे वसूल. त्यावरचं माशाचं चित्र दाखवणारं सेटिंग पहिल्या दिवशीच बंद करा, ते कचऱ्याला पण मासा म्हणतं. खोली फॅदमवर ठेवा, वावात मोजायची सवय असलेल्यांना तेच बरं पडतं.

गरी_आणि_दोरी:
मग घ्यायचाच कशाला? आमच्याकडे अजून दोन खुणा जुळवूनच जागा धरतात, देवळाचा कळस आणि मागचा डोंगर एका रेषेत आला की नांगर टाक. तळ बघायचा तर शिसं सोडून बघ, शिशाच्या बुडाला साबण लाव, वाळू की चिखल ते चिकटून वर येतं. आणि सुरमईला पोटात हवेची पिशवीच नसते, त्यामुळे तिचा इको पुसट येतो, वर ती फिरते पाण्याच्या वरच्या थरात. म्हणजे ज्या माशासाठी लोक जीव टाकतात तोच यात नीट दिसत नाही. घोळ दिसेल, तिचा बोत (हीच हवेची पिशवी) मोठा असतो, पण घोळ काय रोज येते होय.

देवगडवाला:
सुरमईचं बरोबर बोललास, म्हणूनच म्हणतो मासे बघायला घेऊ नका. पण फेब्रुवारीत पहाटे धुकं असतं तेव्हा तुझा कळस कुठे दिसतो रे? आणि रात्री?

वर्सोव्याचा:
पाच इंच म्हणजे काटकसरीच्या नावाखाली फसवणूक आहे. नकाशा आणि सोनार (आवाजाने काढलेलं खालचं चित्र) दोन्ही एकत्र लावले की प्रत्येकाच्या वाट्याला अडीच इंच, त्यात दुपारचं ऊन आणि चाळिशी लागलेले डोळे. सात इंचाखाली जाऊच नका. साइड स्कॅनला पण उगाच नावं ठेवू नका, उथळ पाण्यात बुडालेलं काही किंवा खडपाचा पसारा शोधायला एका फेरीत दोन्ही बाजू दिसतात, नाहीतर तेच शोधायला नांगरटीसारखे तास मारत बसा. हां, त्याची फ्रिक्वेन्सी जास्त म्हणून खोल पाण्यात तो लवकर दम टाकतो हे खरं. पण पंधरा वावात चालतो की.
(आमच्या डोलवाल्यांना, म्हणजे एका जागी डोल जाळी बांधून ठेवणाऱ्यांना, यातलं काहीच नको, त्यांचं सगळं भरती-ओहोटीच्या ओढीवर.)

वायरमन७७:
स्क्रीनवर भांडताय पण खरा मासा पकडतो तो ट्रान्सड्यूसर, म्हणजे पाण्यात आवाज सोडून परत आलेला ऐकणारा भाग. तो कुठे लावणार हे कोणी विचारलंच नाही! होडी रोज वाळूवर ओढताय ना, खाली ओंडके टाकून? मग मागच्या फळीला बाहेरून लावलेला ट्रान्सड्यूसर दोन महिन्यांत तुटणार म्हणजे तुटणार. होडी फायबरची आहे तर आतून तळाला इपॉक्सीने चिकटवा, जिथे फायबर सलग आहे, मधे फोम किंवा लाकूड नाही अशा जागी, आणि चिकटवताना खाली हवेचा बुडबुडा राहू देऊ नका कारण हवेत आवाज अडकला की स्क्रीनवर नुसता पाऊस. थोडी ताकद कमी होते आणि पाण्याचं तापमान कळत नाही, पण पंधरा वावाला फरक जाणवत नाही. लाकडी होडीत ही युक्ती चालत नाही, तिथे बाजूला पाइपवर लावा आणि किनाऱ्याला येताना वर उचला. वायर इंजिनच्या वायरींपासून लांब न्या.
आणि आवाज खाली किती पसरतो तो कोन बघून घ्या. वीस अंशाचा कोन दहा वावात खाली जेमतेम साडेसहा मीटर रुंदीचा गोल बघतो, साठ अंशाचा वीस मीटरच्या वर. अरुंद कोनात खडपाची कड स्पष्ट येते, रुंदात जास्त जागा दिसते पण सगळं एकमेकांत मिसळतं. म्हणून दोन फ्रिक्वेन्सी, जास्तीची अरुंद कोनाला, कमीची रुंदाला.

रापणकर:
तुमचा ट्रान्सड्यूसर, कोन सगळं ठीक. पण पर्ससीनवाल्यांनी (मोठ्या जाळ्याने थवा वेढणाऱ्यांनी) सोनार लावले, मासे ओढायला एलईडी दिवे लावले, तेव्हा आपणच मोर्चे काढले. एलईडीवर २०१७ ला केंद्राने बंदी आणली तरी रात्री समुद्रात जत्रा दिसतेच. आणि आता आपणच होडीत यंत्र बसवणार?

देवगडवाला:
दादा, त्यांचा सोनार आजूबाजूला लांबवर बघून थवा हुडकतो आणि मग अख्खा थवा वेढतात. हा सरळ खाली बघतो आणि आपण चार गऱ्या सोडतो. एकाच मापाने कसं मोजता?

रापणकर:
गऱ्या चारच, पण होड्या किती? पूर्वी खडप एखाद्या घराण्याला माहीत असायचं, बाप पोराला दाखवायचा. आता एकाने पॉइंट सेव्ह केला की तो व्हॉट्सअॅपवर तासाभरात शंभर जणांकडे. तांबोशी वाढायला वर्षं लागतात, खडप रिकामं करायला एक मोसम पुरतो. यंत्र वाईट म्हणत नाही, पॉइंट वाटणं वाईट.

गरी_आणि_दोरी:
+१. आणि फुशारकीने फोटोसोबत लोकेशन टाकणारे तर वेगळेच.

देवगडवाला:
यावर मात्र माझ्याकडे उत्तर नाही. पॉइंट न वाटण्यावर सहमत. पण घेऊच नका हे पटत नाही.

कयाकवाली:
एक राहिलंच, बॅटरी. हाताने ओढून सुरू होणाऱ्या छोट्या इंजिनला बहुतेक वेळा बॅटरीच नसते. पाच इंची यंत्र एक अँपिअरच्या आत खातं, १२ व्होल्टची ७ एएच (अँपिअर-अवर) बॅटरी डब्यात बंद करून ठेवली तर दिवस निघतो. नऊ इंचाला ती पुरायची नाही, वर्सोवेकर, मोठी बॅटरी कोण उचलणार ते पण सांगा. आणि दुकानात जे झकास मासे पोहताना दिसतात ना ते डेमो मोड असतो. पाण्यात लावून दाखव म्हणा. बाहेरून मागवलेला स्वस्त पडतो पण वॉरंटी इथे चालते का ते आधी लिहून घ्या.

वर्सोव्याचा:
बॅटरी पोरगा उचलेल की, अठरा फुटी होडी ओढतो तो! सात इंच म्हणजे सात इंच.