फोटोजर्नालिझम शिकायला युनिव्हर्सिटी कशाला, म्हणे!

कोपऱ्यातला_प्रकाश:
काल एका महाशयांनी लिहिलं, "पत्रकारितेची डिग्री म्हणजे फी पाण्यात. त्या पैशात चांगली लेन्स घ्या न रस्त्यावर उतरा, नजर असेल तर फोटो मिळतोच." खाली सगळे माना डोलावतायत. काल गप्प बसलो, आज राहवत नाही.
मी डिग्री केलीय, फोटोजर्नालिझम घेऊन. पहिल्या असाइनमेंटला मॅडमनी माझे फोटो बघितलेच नाहीत, नुसत्या कॅप्शन वाचल्या. अकरा फोटो, त्यातल्या चारमध्ये माणसाचं नावच नाही. "ही कोण?" "माहीत नाही मॅडम, गर्दीत होती." "मग हा बातमीचा फोटो नाही, वॉलपेपर आहे." सगळे परत. दुसऱ्या दिवशी त्याच जागी त्या चौघांना शोधत उन्हात फिरलो, तिघं सापडले. हे लेन्सच्या खोक्यात मिळतं का?

रात्रपाळी:
असहमत. सतरा वर्षं प्रेस फोटोग्राफर आहे, डिग्री बिग्री काही नाही. कॅप्शन मलाही शिकवली, पण डेस्कवरच्या माणसाने, रात्री साडेअकराला, पान सुटायच्या आधी, शिव्या घालून. फुकट! व्हिएतनाम युद्धातला तो नापाम बॉम्बचा फोटो ज्याच्या नावावर आहे, त्या निक उटकडे कुठली डिग्री होती? भाऊ एपी या वृत्तसंस्थेचा फोटोग्राफर, १९६५ ला व्हिएतनाममध्ये मारला गेला, मग हा पोरगा एपीच्या दारात उभा राहिला न डार्करूममध्ये लागला. आपले मोठे फोटोग्राफर रघू राय तर सिव्हिल इंजिनियर. आणि आमच्याकडे येणारे डिग्रीवाले इंटर्न? "व्हिज्युअल नॅरेटिव्ह"वर तासभर बोलतात आणि फ्लॅशच्या बॅटऱ्या चार्ज करून आणत नाहीत.

तिसरं_सेमिस्टर:
बॅटरीचा टोमणा पोचला. पण नावांचा खेळ खेळायचाच तर फोटोजर्नालिस्ट दानिश सिद्दीकी दिल्लीच्या जामियात मास कम्युनिकेशन शिकलेला, पत्रकारितेतलं २०१८ चं पुलित्झर रॉयटर्स वृत्तसंस्थेच्या टीमबरोबर. आता तुम्ही एक टाका, मी एक टाकते, रात्र निघून जाईल.
निक उटचंच घ्या ना काका. १९७२ चा तो नापाम फोटो, मुलगी विवस्त्र, म्हणून एपीच्या ऑफिसातच पाठवायचा की नाही यावर वाद झाला, तिथल्या फोटोप्रमुख हॉर्स्ट फासने जोर लावला म्हणून गेला. आणि २०२५ मध्ये, फोटो उटनेच काढला का या शंकेवरून, वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेने त्याचं श्रेयच स्थगित केलं, एपीने मात्र नाव कायम ठेवलं. आम्ही यावर दोन आठवडे भांडलोय वर्गात. पान सुटायच्या घाईत कोण भांडणार?

रात्रपाळी:
काका कोणाला म्हणतेस? आणि दोन आठवडे?? आम्हाला दोन मिनिटं मिळतात.

सेपिया:
अवांतर होईल, पण मूळ दुखणं कोणी बोलतच नाही. युनिव्हर्सिटीत एडिटिंगच्या नावाखाली पोरांना फोटो नासवायला शिकवतात. आभाळ काळंकुट्ट, चेहरे तांब्याचे. २०१५ ला वर्ल्ड प्रेस फोटोने शेवटच्या फेरीआधी मूळ फाइली मागवल्या तर त्या टप्प्यावरच्या २० टक्के एंट्र्या बाद!

कोपऱ्यातला_प्रकाश:
अहो, त्या बाद झालेल्यांत किती जण डिग्रीवाले होते, मोजलंत? ब्रायन वॉल्स्कीने २००३ ला इराकमधले दोन फोटो जोडून एक केला, तो एलए टाइम्सचा मुरलेला माणूस होता, विद्यार्थी नव्हे. २००६ च्या बैरुतच्या बॉम्बहल्ल्याच्या फोटोतला धूर आठवा, क्लोन टूलने, म्हणजे फोटोतलाच तुकडा परत परत चिकटवून, वाढवलेला. रॉयटर्सने त्या फ्रीलान्सरचे सगळे ९२० फोटो काढून टाकले.

सेपिया:
क्लोन वेगळं, मी टोनिंगबद्दल, म्हणजे रंग न उजेड-सावली बदलण्याबद्दल बोलतोय. वर्ल्ड प्रेस फोटोचा २०१३ चा तो गाझाच्या अंत्ययात्रेचा विजेता फोटो आठवतो? सिनेमाचं पोस्टर वाटत होतं.

रात्रपाळी:
तज्ज्ञांनी तपासून तो खोटा नाही असं सांगितलं, रंग न टोन तेवढे बदललेले. आणि डार्करूममध्ये आम्ही काय करत होतो? पुठ्ठ्याला भोक पाडून बर्न करायचो, म्हणजे तेवढा भाग गडद, तारेला कागदाची टिकली लावून डॉज करायचो, म्हणजे तेवढा फिकट. तेव्हा ती कला, आता पाप?

सेपिया:
पुठ्ठ्याने आभाळाचा रंग बदलत नव्हता! म्हणूनच रॉयटर्सने २०१५ ला फ्रीलान्सरना सांगितलं, रॉवरून, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलवरून, बनवलेला फोटो नको, कॅमेऱ्यातला जेपेगच पाठवा.

रात्रपाळी:
ते वेगासाठीही होतं. अर्धं वाचून धमकावू नका. तुम्ही स्वतः कधी डेडलाइनला फोटो पाठवलाय का हो?

सेपिया:
वैयक्तिक होऊ नका. (लग्नाचे पाठवलेत.)

तिसरं_सेमिस्टर:
खिक्!

कोपऱ्यातला_प्रकाश:
मूळ मुद्द्यावर येता का कोणी? वर्ग विरुद्ध रस्ता हे भांडणच खोटं आहे. अमेरिकेतल्या मिसुरी युनिव्हर्सिटीत १९०८ मध्ये जर्नालिझम स्कूल सुरू झालं तेव्हा तासांच्या पहिल्याच दिवशी विद्यार्थ्यांचा खराखुरा पेपर निघाला.

रात्रपाळी:
आणि तुमच्या कॉलेजात?

कोपऱ्यातला_प्रकाश:
...निघाला. दोन अंक. दुसऱ्यात कुलगुरूंचे नऊ फोटो.

रात्रपाळी:
हाहाहा, झालं! बरं, एक कबूल करतो, तेही आज झोप येत नाही म्हणून. आठव्या वर्षी मी एका अपघाताचा फोटो दिला, त्यात लहान मुलाचा चेहरा स्पष्ट. डेस्कवरही कोणाला खटकलं नाही. सकाळी मुलाच्या मामाचा फोन आला, ओरडला नाही, फक्त म्हणाला, "त्याच्या आईला अजून सांगितलं नव्हतं हो." माझ्याशी याबद्दल आधी कोणी दोन आठवडे सोडा, दोन मिनिटंही भांडलं नव्हतं. तरीपण फी जास्तच आहे.

तिसरं_सेमिस्टर:
फी जास्त आहे. +१.

रात्रपाळी:
@कोपऱ्यातला_प्रकाश, ती चौथी बाई सापडली का शेवटी?

कोपऱ्यातला_प्रकाश:
नाही. अकरातला तोच सगळ्यात चांगला फोटो होता. अजून कुठे दिलेला नाही.

सेपिया:
ते ठीक, पण कॉलेजात रॉ फाइल जमा करून घेतात की नाही? याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.