मदत हवी आहे: गिटारचा सोलो सुरू झाला की बँड एकदम पोकळ वाटतो

मंडळी, आमचा तिघांचाच रॉक बँड आहे, गिटार, ड्रम्स आणि बेसवर मी, दुसरी गिटार नाहीच त्यामुळे सोलो सुरू झाला की पायाखालची जमीन सरकल्यासारखं वाटतं. इतके दिवस मी बोटांनी मूळ नोट धरून किक ड्रमबरोबर गुमान वाजवायचो, पण मोटरहेड बँडचा बेसवाला लेमी ऐकला आणि डोकंच फिरलं राव, रिकनबॅकर बेस मार्शल अँपला जोडून पिकने (तार छेडायची छोटी चकती) सरळ कॉर्ड्स (एकदम अनेक सूर) हाणायचा, म्हणजे रिदम गिटारचं कामही तोच करायचा. उलट जॉय डिव्हिजन बँडचा बेसवाला पीटर हूक वरच्या फ्रेट्सवर (दांड्यावर जिथे उंच सूर लागतात तिथे) चाल वाजवायचा आणि तीच डोक्यात राहते (आमच्या गिटारवाल्याला सांगू नका).

मी बेसला डिस्टॉर्शन (आवाज खरखरीत करणारा इफेक्ट) लावून बघितलं तर खालचा दमच गेला, सगळ्यात जाड तारेचा ई साधारण ४१ हर्ट्झचा, तोच गायब. सिग्नल दोन भागांत तोडून खालच्या सुरांचा भाग क्लीन (इफेक्टशिवाय) ठेवायचा आणि फक्त वरच्याला डिस्टॉर्शन, असं कुणी करतं का? कुठल्या फ्रिक्वेन्सीला तोडता? लाइव्हला गिटारशी भांडण होत नाही ना? की पेडल राहू दे, आधी पिकचा हातच सुधारू?