ह्या मालिकेतला त्या मालिकेत! तुमचा लाडका क्रॉसओव्हर कोणता?

परवा रात्री 'बफी'तूनच निघालेल्या 'एंजल' मालिकेचा पहिला भाग बघत होते. एंजल फोन फिरवतो, पलीकडे कोणीतरी उचलतं आणि हा चकार शब्द न काढता ठेवून देतो. मी ताडकन उठून बसले. 'बफी'च्या चौथ्या सीझनच्या पहिल्याच भागात बफीला असा मुका फोन येतो. कोणाचा, ते तिलाही कळत नाही आणि आपल्यालाही. तो भाग मी कितीतरी वर्षांपूर्वी बघितला होता आणि राँग नंबर समजून सोडून दिला होता. मुळात हे दोन्ही भाग ५ ऑक्टोबर १९९९ला एकाच संध्याकाळी पाठोपाठ दाखवले होते. तेव्हाच्या प्रेक्षकांना तासाभरात उलगडा झाला, मला अर्धं आयुष्य गेल्यावर!

दोन हिरो एका पोस्टरवर येतात, त्याचं मला फारसं कौतुक नाही. पण टीव्ही बंद केल्यावरही ही माणसं तिकडे आपापले उद्योग करत असणार, असं तुम्हाला कधी वाटलं? ते वाचायचंय. येऊ द्या.

*

मंच. विषय संपला.

बरं, सविस्तर लिहितो. डिटेक्टिव्ह जॉन मंच १९९३ला 'होमिसाइड'मध्ये आला, तेव्हा बाल्टिमोरला होता. ती मालिका १९९९ला संपली आणि हा पठ्ठ्या बदली झाल्यासारखा न्यूयॉर्कला 'लॉ अँड ऑर्डर: एसव्हीयू'त हजर. मधल्या काळात 'एक्स-फाइल्स'मध्ये चौकशी करून आला. नट कायम तोच, रिचर्ड बेल्झर, आणि तोच तिरकसपणा. २००८मध्ये 'द वायर' बघताना एका बारमध्ये मागे बसलेला दिसला. कधीकाळी आपलाही बार होता म्हणून सांगत होता, आणि 'होमिसाइड'मध्ये होताच की त्याचा बार! मी एवढ्या जोरात "मंच!" ओरडलो की शेजारी बसलेला मित्र दचकला. त्याने 'होमिसाइड' बघितलेली नव्हती. त्याला समजावण्यात पुढची दहा मिनिटं गेली आणि दोघांचाही भाग बुडाला.

*

वरच्यांना अनुमोदन, पण 'होमिसाइड'ने मला छळलंही आहे. 'लॉ अँड ऑर्डर'बरोबर त्यांचे तीन क्रॉसओव्हर झाले, १९९६, ९७ आणि ९९ला. पहिला अर्धा भाग 'लॉ अँड ऑर्डर'मध्ये, पुढचा 'होमिसाइड'मध्ये. आमच्याकडे एका चॅनेलवर पुनःप्रक्षेपणात फक्त पहिली मालिका लागायची. ऐन रंगात आल्यावर 'क्रमशः', आणि दुसऱ्या दिवशी भलतीच केस सुरू! निम्मी गोष्ट मनानेच पूर्ण करून ठेवली होती. खरी बघितल्यावर माझीच बरी वाटली.

*

'फ्रेंड्स'मध्ये वीज जाते आणि चँडलर एटीएमच्या खोलीत अडकतो, तो भाग मला पाठ आहे. वीज का गेली हा प्रश्न कधी पडलाच नाही. वीजच ती, जाते. मग कधीतरी 'मॅड अबाउट यू' बघायला घेतली, तर त्यातली जेमी केबल फुकटात जोडायच्या नादात अख्ख्या न्यूयॉर्कचे दिवे घालवते! ३ नोव्हेंबर १९९४, त्याच रात्रीचा भाग. 'साइनफेल्ड'ही त्याच रात्री लागायची, पण त्यांनी ह्यात भाग घ्यायला नकार दिला होता. त्यांच्या स्वभावाला ते शोभतंही.

'फ्रेंड्स'मधल्या फीबीची जुळी बहीण अर्सुलाही तिथलीच. फीबी झालेली लिसा कुड्रो आधी 'मॅड अबाउट यू'त वेंधळी वेट्रेस होती. मग तिला 'फ्रेंड्स' मिळालं, आणि एकच चेहरा दोन ठिकाणी कसा, तर घ्या जुळी बहीण. अडचणीतून निघालेलं पात्र, पण काय डोक्यात जाते ती बाई!

*

आपला 'सीआयडी विरुद्ध अदालत' कोणालाच आठवत नाही का? २०१२. एकीकडे एसीपी प्रद्युम्न, दुसरीकडे वकील के. डी. पाठक. मी सगळं सोडून एकाच क्षणाची वाट बघत बसलेलो: दया दार तोडणार आणि पाठक शांतपणे विचारणार, "वॉरंट?" तो काही आला नाही.

बाकी हल्लीचे महासंगम म्हणजे दोन कुटुंबं एका समारंभात आणून तासभर नाचवायची. त्याला क्रॉसओव्हर म्हणायला जीभ रेटत नाही.

*

'सेंट एल्सव्हेअर' ही हॉस्पिटलवरची मालिका आली नाही अजून? १९८८चा शेवटचा भाग. टॉमी नावाचा स्वमग्न मुलगा हातातला बर्फाचा काचगोळा हलवत बसलाय, आणि गोळ्यात ते हॉस्पिटल. म्हणजे सहा सीझन सगळं ह्या पोराच्या डोक्यात! आता गंमत बघा. ह्याच हॉस्पिटलचे डॉक्टर १९८५ला 'चिअर्स'च्या बारमध्ये जाऊन बसले होते. म्हणजे 'चिअर्स' टॉमीच्या डोक्यात. मग त्यातूनच निघालेली 'फ्रेजर'ही. इथलीच एक डॉक्टर पुढे 'होमिसाइड'मध्ये दिसते, म्हणजे मंच आला, आणि मंच जिथे जिथे गेला ते सगळं. मी एकदा वहीत ह्याचा तक्ता काढायला घेतला होता. चौथ्या पानावर सोडला.

*

टॉमीवाल्यांनो, मी स्वप्नात माझी शाळा बघितली म्हणून शाळा स्वप्नातली ठरते का? चालू द्या.

'फ्रेजर'चा विषय निघालाच आहे तर: 'चिअर्स'मध्ये फ्रेजरने सांगितलेलं असतं की वडील शास्त्रज्ञ होते, वारले. नव्या मालिकेत वडील निवृत्त पोलीस, जिवंत, घरातच मुक्कामाला. १९९५मध्ये 'चिअर्स'चा बारवाला सॅम पाहुणा म्हणून येतो आणि वडिलांच्या देखतच हे बोलून बसतो. फ्रेजरची जी तंतरते! तेव्हा आमचं भांडण झालं होतं, ही त्याची सबब. लेखकांची विसंगती होती, ती उचलून मुलाच्या गळ्यात घातली. फार आवडलं.

*

ताजं उदाहरण: २०२५चं 'अ‍ॅबट एलिमेंटरी' आणि 'इट्स ऑलवेज सनी'. एकाच शाळेतली तीच भानगड, एकदा शिक्षकांच्या बाजूने आणि काही महिन्यांनी 'सनी'तल्या नालायकांच्या बाजूने. पहिल्यात त्यांच्यातला डेनिस शाळेत शूटिंग करणारे कॅमेरे बघून सटकतो, तो कुठे गेला ते कळायला दुसरा बघावा लागतो.

*

माझा जरा घरगुती आहे. १९६७चा 'स्टार ट्रेक'चा ट्रिबल्सवाला भाग बाबांना तोंडपाठ. कॅप्टन कर्क धान्याच्या कोठाराचं झाकण उघडतो आणि ट्रिबल्सचा, म्हणजे केसाळ गोळ्यांचा, ढीग त्याच्या अंगावर कोसळतो. तो छातीपर्यंत बुडालेला, आणि मग वरून एकेक गोळा टप्, टप् डोक्यावर पडत राहतो. एवढा ढीग पडून गेल्यावर हे एकेक कुठून येतात, असं मी लहानपणी विचारलं होतं. "असतील अडकलेले," बाबा म्हणाले होते.

'स्टार ट्रेक'च्याच पुढच्या 'डीप स्पेस नाइन' मालिकेचा १९९६चा भाग आम्ही एकत्र बघितला. त्यातले सिस्को आणि डॅक्स भूतकाळात जातात, जुन्याच दृश्यांत त्यांना बेमालूम बसवलंय. कोठारात चढून ते बाँब शोधताहेत, गोळा उचलायचा, तपासायचा, नसला की मागे भिरकवायचा. खाली कर्क उभा. टप्.

बाबा हसता हसता थांबले. "अरे, म्हणजे हे दोघं तेव्हापासून आत होते होय!"

मग त्यांनी जुना भाग लावला, तिथेच थांबवला आणि चष्मा कपाळावर सरकवून, पडद्याला नाक लावून कोठाराच्या काळोखात बघत बसले.