घराच्या स्वप्नापायी बिघडलेला पोलीस

पोलीसच गुन्हेगार बनतो अशा जुन्या अमेरिकी गुन्हेपटांत पोलीस बिघडतो तो बाईपायी, असे एक मत आहे. 'पुशओव्हर' या चित्रपटाला ते चपखल लागू पडते; परंतु त्याच वर्षी, म्हणजे १९५४ मध्ये, आलेल्या 'शील्ड फॉर मर्डर'मध्ये मोहाचे मूळ निराळे आहे. त्यातला बार्नी नोलन एका सट्टेवाल्याच्या हस्तकाला ठार करून त्याच्याजवळचे पंचवीस हजार डॉलर लांबवतो, ते उपनगरातल्या एका नव्या, सजवलेल्या घरासाठी, आणि पैसे पुरतोही त्याच घराच्या आवारात. युद्धोत्तर अमेरिकेतील मध्यमवर्गाचे स्वप्नच येथे गुन्ह्याचे कारण ठरते, हे मला बाईच्या मोहापेक्षा अधिक बोचरे वाटते.

'प्रायव्हेट हेल ३६'मध्ये तर दोन पोलीस आहेत: एक पैसे उचलतो आणि दुसरा, बायकामुले असलेला, केवळ गप्प राहतो. दिग्दर्शक डॉन सीगल असले तरी पटकथेत अभिनेत्री आयडा लुपिनो यांचा वाटा होता, आणि या गप्प राहणाऱ्याची भूमिका त्यांचे तेव्हाचे पती हॉवर्ड डफ यांनी केली आहे. शेवट मात्र घाईचा वाटतो; गुन्हेगाराला शासन झालेच पाहिजे, या तत्कालीन निर्मितिसंहितेच्या, म्हणजे हॉलिवूडने स्वतःवर घालून घेतलेल्या नियमावलीच्या, अटीमुळे असे शेवट बहुधा आधीच ठरलेले असत.