बारावीनंतर वकिली: पाच वर्षं की तीन?

बी-२०४: नमस्कार. सोसायटीच्या ग्रुपवर टँकरच्या मेसेजमध्ये मध्येच विचारतेय, माफ करा. लेक यंदा बारावीत गेली, सायन्सला. परवा म्हणाली इंजिनिअरिंग नको, वकील व्हायचंय. हे म्हणतात आधी बीएस्सी कर, मग बघू. सी-६०१ च्या वकील ताई, जरा सांगाल का?

ए-१०३ काका: सायन्सच्या मुलांना लॉ चालतं का?

सी-६०१: चालतं काका, शाखा कुठलीही असो. ओपनला बारावीत ४५ टक्के लागतात. वहिनी, आत्ताच कोर्टातून आले, लिहिते.

बारावीनंतर पाच वर्षांचा बीए एलएलबी किंवा बीबीए एलएलबी, नाहीतर पदवीनंतर तीन वर्षांचा एलएलबी. भाऊंच्या म्हणण्याप्रमाणे गेली तर तीन आणि तीन, सहा वर्षं. तीन वर्षांचा कोर्स कमी दर्जाचा अजिबात नाही. मी बीकॉम करून तोच केला, आणि ताळेबंद वाचता येतो याचा चेक बाउन्सच्या केसेसमध्ये आजही उपयोग होतो. पण तिचं मन ठाम असेल तर नुसतं थांबवायचं म्हणून बीएस्सीला घालू नका.

बी-२०४: आणि प्रवेश? बारावीच्या मार्कांवर?

सी-६०१: नाही, सीईटीवर. पुण्यातलं आयएलएस लॉ कॉलेज (१९२४ चं, लॉ कॉलेज रोडला नाव त्याच्यावरूनच) किंवा नवलमल फिरोदिया हवं तर राज्याची लॉ सीईटी, मग कॅप राउंड, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरी. पेपर मराठी-इंग्रजी दोन्हीत असतो, निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. नॅशनल लॉ युनिव्हर्सिटीसाठी क्लॅट, ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा. आपल्या राज्यात त्या मुंबई, नागपूर आणि संभाजीनगरला आहेत. क्लॅटला १२० प्रश्न, दोन तास, चुकीला पाव मार्क जातो. ती डिसेंबरात असते, बोर्डाच्या आधी, म्हणून तयारी आत्तापासूनच. सिंबायोसिसची स्लॅट वेगळी.

सी-३०२: सासऱ्यांची कायद्याची पुस्तकं माळ्यावर आहेत, पाठवू का?

सी-६०१: कॉन्ट्रॅक्ट ॲक्ट नक्की पाठवा, तो १८७२ चाच अजून चालू आहे. आयपीसी, म्हणजे जुनी भारतीय दंड संहिता, नको. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. खुनाचं कलम ३०२ आता १०३ झालं, फसवणुकीचं ४२० आता ३१८. त्याआधीच्या गुन्ह्यांना आयपीसीच लागते, म्हणून आमच्या टेबलावर दोन्ही असतात. मुलीने मात्र नव्यापासूनच सुरुवात करावी.

ए-१०३ काका: म्हणजे डिग्री मिळाली की काळा कोट.

सी-६०१: नाही काका, आणि घरच्यांचा हिशेब इथेच चुकतो. डिग्रीनंतर बार काउन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे नोंदणी, म्हणजे सनद. सुप्रीम कोर्टाने जुलै २०२४ मध्ये निकाल दिला, ओपनला नोंदणी फी ७५० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. त्यानंतर दोन वर्षांत ऑल इंडिया बार एक्झाम पास व्हावी लागते. १०० प्रश्न, टिपणं नसलेले बेअर ॲक्ट (नुसत्या कायद्याची पुस्तकं) सोबत नेता येतात, ओपनला ४५ टक्के.

खरी ओढाताण त्यानंतर. सिनिअरकडे ज्युनिअर म्हणून तारखा घ्यायच्या, ड्राफ्टिंग शिकायचं, पुकारा होईपर्यंत बाहेर थांबायचं. माझ्या पहिल्या सिनिअरांनी आठ महिने एक रुपया दिला नाही, पेट्रोलचे पैसे आई द्यायची. वर्गातल्या तीन मुली माझ्यापेक्षा हुशार होत्या, त्या याच काळात वकिली सोडून गेल्या. मला अजून त्याचं वाईट वाटतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार काउन्सिल ऑफ इंडियाने शहरातल्या ज्युनिअरला महिना किमान २०,००० द्या असं सांगितलं, पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. म्हणून वहिनी, फक्त पाच वर्षांच्या फीचा विचार करू नका. पुढची दोन-तीन वर्षं तिला घरून आधार लागेल, तो धरून चला.

डी-४०५: भाचा म्हणतो लॉ झाल्यावर थेट जज होता येतं.

सी-६०१: आता नाही. २० मे २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तरासाठी तीन वर्षं वकिली पुन्हा सक्तीची केली. मला तो निर्णय पटतो. पक्षकार समोर रडताना ज्याने कधी पाहिलाच नाही, त्याने निकाल कसा द्यायचा?

ए-१०३ काका: ताई, ६३ व्या वर्षी सीईटी देता येईल?

सी-६०१: द्या ना काका! वयाची अट नाही. पण हजेरी ७० टक्के लागते. "यायची गरज नाही" म्हणणाऱ्या कॉलेजात पैसे भरू नका.

बी-२०४: लेक शेजारी बसून वाचतेय. विचारतेय, कोर्ट आतून बघता येईल का?

सी-६०१: येईल. फॅमिली कोर्टासारखे काही अपवाद सोडून, कामकाज खुलं असतं, मागच्या बाकावर कुणीही बसू शकतं. सोमवारी सव्वादहाला खाली पार्किंगमध्ये थांबायला सांगा, शिवाजीनगरला माझ्यासोबत येईल. फोन बंद ठेवायचा. एका मॅटरमध्ये साक्षीदाराचा उलटतपास आहे, तो तिने पूर्ण ऐकावा.

बी-२०४: तिने आत्ताच गजर लावला. डबा दोघींचा मी देते.