गुळाने दात वाचत नाहीत

कुणीतरी लिहिलंय की साखर सोडून गूळ धरला, आता दातांची चिंता मिटली. अहो, गूळसुद्धा मुख्यतः सुक्रोजच. दातांवरच्या जंतूंना रस कुठल्या काहिलीत आटवला याच्याशी काय देणंघेणं! ते गोड खाऊन आम्ल सोडतात. तोंडातला पीएच (आम्लता मोजायचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५च्या खाली गेला की इनॅमल, म्हणजे दातांवरचं कडक आवरण, विरघळायला लागतं. लाळ सावरून घेते, पण तिला अर्धा-पाऊण तास तरी लागतो. म्हणून किती खाल्लं याहून किती वेळा खाल्लं, ते जास्त नडतं.

स्वीडनमध्ये व्हिपेहोल्म इस्पितळात १९४०च्या दशकात हेच दिसलं: जेवणासोबत साखर घेणाऱ्यांचे दात फारसे किडले नाहीत, मधल्या वेळी चिकट टॉफी खाणाऱ्यांचे मात्र भराभर किडले. (मतिमंद रुग्णांवर केलेला हा प्रयोग अमानुषच होता, ते वेगळं.)

माझंच बघा. ऑफिसात एक कप गोड चहा तासभर घोटघोट पुरवायचो. खालच्या दाढांत दोन फिलिंग झाली. आता चहा पाच मिनिटांत संपवतो, चिक्की जेवणानंतर लगेच, वर खळखळून चूळ.