स्पिन खोडला जातो, पण तो दिसतोही
सुपरकंडक्टरमध्ये (रोधाशिवाय वीज वाहू देणाऱ्या पदार्थात) इलेक्ट्रॉनांच्या जोड्या बनतात, त्या कूपर जोड्या. जोडीतले दोन स्पिन (इलेक्ट्रॉनांचं अंगभूत चुंबकत्व) एकमेकांना खोडतात म्हणून तिथे स्पिनचा विषयच संपतो असं म्हटलं जातं, त्यातला पहिला भाग बरोबर पण दुसरा नाही पटत. ते खोडलं जाणं एनएमआरमध्ये (रेडिओ लहरींनी अणुकेंद्रांचं चुंबकीय मोजमाप) चक्क दिसतं, ॲल्युमिनियम थंड करत गेलं की नाइट शिफ्ट (इलेक्ट्रॉनांच्या स्पिनमुळे केंद्रकाच्या वारंवारतेत पडणारा फरक) घसरत जातो. स्ट्रॉन्शियम रुथेनेट या दुसऱ्या सुपरकंडक्टरमध्ये मात्र १९९८ साली ऑक्सिजन-१७ वर मोजलेला शिफ्ट हललाच नाही, त्यामुळे इथे जोडीतले स्पिन समांतर असणार असं वीसेक वर्षं धरलं गेलं. २०१९ मध्ये रेडिओ पल्स अगदी हलके ठेवून परत मोजलं आणि शिफ्ट घसरला की! आधीच्या जोरदार पल्सनीच स्फटिक तापत होता, आणि हा पदार्थ दीड केल्विनच्या खालीच सुपरकंडक्टर असल्याने तेवढ्यापुरती सुपरकंडक्टिव्हिटीच जात होती.

जोडीचा चार्ज किती, हे त्या मानाने लवकर मिटलं, १९६१ मध्येच सुपरकंडक्टरच्या कड्यात अडकलेल्या चुंबकीय फ्लक्सच्या पायऱ्यांवरून एका इलेक्ट्रॉनच्या दुप्पट चार्ज दिसला होता.